वजनाचा ताळेबंद

पूर्वी मोठ्या रेल्वे स्थानकांवर वजन करण्याची यंत्रे असत. नाणे टाकले की रंगीत दिवे लुकलुकत, आत काहीतरी फिरे, आणि जाड पुठ्ठ्याचे एक छोटे तिकीट बाहेर पडे. त्यावर वजनाचा आकडा असे आणि भविष्याचे एखादे वाक्यही असे. आम्ही भावंडे ते भविष्य मोठ्याने वाचून हसत असू. आकडा मात्र मुकाट्याने खरा मानत असू. भविष्य खोटे ठरू शकते, पण वजन कसे खोटे ठरेल? पुढे सरकारी नोकरीत शिरल्यावर आकड्यांवरची ही श्रद्धा वाढतच गेली. आमच्या खात्यात कागदावर आकडा दिसला की निम्मे समाधान होते. माझ्या या श्रद्धेला तडा कसा गेला, ती हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हे, अर्थशास्त्रात एम. ए. झालेला एक साधा अधिकारी आहे. परंतु ज्या गोष्टी जाणून घेण्यास मला फार उशीर झाला, त्या इतरांना वेळेवर कळाव्यात एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

माझ्या थोरल्या बंधूंची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, अशी त्यांची डायलिसिसची फेरी सुरू झाली. दादांची वही ठेवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. यंत्राला जोडण्यापूर्वीचे वजन, सुटल्यानंतरचे वजन, रक्तदाब, महिन्याचे रक्ताचे अहवाल असे रकाने आखून मी ती वही नेटकेपणाने लिहीत असे. डायलिसिस संपल्यावर अंगातले जादा पाणी निघून गेल्यावर जे वजन उरते, त्याला तेथील मंडळी ‘कोरडे वजन’ म्हणतात. दादांचे कोरडे वजन बासष्ट किलो ठरले होते आणि सव्वा वर्ष ते बासष्टच राहिले. रक्तातील क्रिएटिनीन तर नऊवरून हळूहळू साडेसहावर आले. आम्हांला कोण आनंद झाला! वहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

याच काळात दादांच्या बोटातली अंगठी सैल झाली. विजारीला पट्ट्याचे नवे भोक पाडावे लागले. जिना चढताना ते कठड्याला धरून मध्येच थांबू लागले. रात्री आडवे झाले की दम लागे, म्हणून तीन उशांवर टेकून झोपू लागले. संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसे. या साऱ्या गोष्टी आम्ही पाहत होतो. पण वही सांगत होती, सर्व ठीक आहे. मग नोंद कशाची करावयाची?

पुढे माझ्या बदलीमुळे दादा दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ लागले. त्यांनी माझी वही आस्थेने पाहिली, बाजूला ठेवली आणि दादांच्या दंडाला शिंप्याची असते तशी टेप गुंडाळली. मग मला म्हणाले, “साहेब, वजन बासष्ट किलो आहे हे खरे, पण बासष्ट किलो कशाचे?”

हा प्रश्न मला कोणी हिशेबाच्या भाषेत विचारला असता, तर मी तत्काळ उत्तर दिले असते. एखाद्या संस्थेच्या ताळेबंदाची बेरीज वर्षानुवर्षे तीच असू शकते. पण आत पाहावे तो रोख शिल्लक आटलेली आणि तिच्या जागी बुडीत येणी भरलेली! बेरजेवरून संस्थेची प्रकृती कळत नाही, हे मी कनिष्ठांना शेकडो वेळा सांगितले आहे. माणसाच्या देहाचाही असाच ताळेबंद असतो, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. स्नायू, मेद, हाडे आणि पाणी या रकमा निरनिराळ्या आहेत. काटा फक्त बेरीज दाखवतो. दादांच्या देहातले चार साडेचार किलो मांस झिजून गेले होते आणि तितकेच पाणी त्याच्या जागी साठले होते. बेरीज जुळत होती. ज्याला आम्ही कोरडे वजन म्हणत होतो, ते मुळी कोरडे नव्हते.

आणि क्रिएटिनीन? तो तर स्नायूंपासूनच तयार होणारा पदार्थ. मूत्रपिंडे चालू असलेल्या माणसात तो उतरला तर ती चांगली खूण. पण ज्याची मूत्रपिंडे थांबलीच आहेत आणि ज्याच्या डायलिसिसमध्ये काही बदल झालेला नाही, त्याचे क्रिएटिनीन महिन्यांमागून महिने उतरत गेले, तर पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की ते निर्माण करणारे स्नायूच कमी होत आहेत. ज्या आकड्यासाठी आम्ही साखर वाटली, तो आकडा खरोखर झिजेचा होता.

हे सारे कसे घडते, हे समजण्यासाठी डायलिसिस म्हणजे काय हे थोडक्यात पाहू. निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले बहुतेक सर्व शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर टाकतात. हे काम यंत्राकडून करून घेण्याची युक्ती विलेम कोल्फ या डच डॉक्टराने १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, काम्पेन या गावी प्रत्यक्षात आणली. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरण्यात येणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या त्याने एका पिंपाभोवती गुंडाळल्या. त्यांतून रुग्णाचे रक्त खेळवले आणि ते पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरत ठेवले. अनेक अपयशांनंतर १९४५ साली एक ६७ वर्षांची स्त्री त्या यंत्रामुळे वाचली. परंतु दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार काही दिवसांपुरताच शक्य होता. १९६० साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी तयार केली, आणि त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला. डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगता येते, हे जगाला तेव्हा समजले. आपल्या देशात २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांसाठी ही सोय करण्याचे धोरण आखले गेले. तेव्हा हा प्रश्न आता केवळ महानगरांचा किंवा श्रीमंतांचा राहिलेला नाही.

परंतु यंत्र हे शेवटी चाळणीच आहे. कोणता कण टाकाऊ आणि कोणता कामाचा, हे चाळणीला कळत नाही. लहान असेल ते निसटते. युरियाबरोबर रक्तातली अमिनो आम्लेही, म्हणजे ज्यांपासून प्रथिने बनतात ती द्रव्येही, वाहून जातात. एका बैठकीत सुमारे सहा ते बारा ग्रॅम इतका हा तोटा असतो. पोटाच्या पडद्यातून घरच्या घरी करावयाच्या डायलिसिसमध्ये तर प्रत्यक्ष प्रथिनेच रोज जातात. त्यात आणखी भर म्हणजे रुग्णाची भूक मंदावते, तोंडाची चव जाते, रक्तात आम्लता वाढून स्नायू झिजतात, शरीरात एक प्रकारचा बारीक दाह सतत धुमसत राहतो, आणि डायलिसिसच्या दिवशी माणूस दमून पडून राहिल्याने हालचाल खुंटते. या सगळ्या मिळून होणाऱ्या ऱ्हासाला तज्ज्ञांनी २००८ साली ‘प्रथिन-ऊर्जा क्षय’ अशा अर्थाचे एक स्वतंत्र नाव दिले. नाव मिळाले की रोगाची दखल घेतली जाते. कार्यालयातही फाईलला क्रमांक मिळाल्याशिवाय ती हलत नाही!

आमच्या घरी मात्र या कारणांत आणखी एका कारणाची भर पडली होती, आणि ते आम्हीच जपून ठेवले होते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे दादांना एका आहारतज्ज्ञांनी कमी प्रथिनांचा आहार लिहून दिला होता. तो कागद वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता. वरण अर्धी वाटी, दूध अर्धा कप, उसळ वर्ज्य, अंडे वर्ज्य. त्या काळापुरता तो सल्ला अगदी योग्य होता. कारण अशक्त मूत्रपिंडांवरचा भार हलका करावयाचा होता. आजही डायलिसिसपूर्व अवस्थेत, मधुमेह नसलेल्या आणि प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे ०.५५ ते ०.६ ग्रॅम प्रथिने सुचवतात. परंतु डायलिसिस सुरू झाले की हाच नियम उलटतो. मग दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे २०२० सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूत्रांत सांगितले आहे. साठ किलोच्या माणसाला आदल्या महिन्यापर्यंत रोज पस्तीस ग्रॅम पुरेत, तर पुढच्या महिन्यापासून साठ ते बहात्तर. जवळजवळ दुप्पट! यंत्र सुरू झाले, पण दारावरचा कागद काढा असे आम्हांला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. वहिनी सव्वा वर्ष त्या कागदाबरहुकूम मोजून वाढत होत्या. दादा एखादे दिवशी वाटीभर उसळ मागत, तेव्हा त्यांचे डोळे भरून येत, पण हात आखडत असे. पतीच्या जिवासाठी म्हणून त्या जे काटेकोरपणे करीत होत्या, त्यानेच त्यांची झीज वाढत होती, हे कळले तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल, ते मी सांगत बसत नाही.

वजनाच्या आकड्याने फसणारे आम्हीच पहिले नव्हेत. १९४२ साली अमेरिकन नौदलातील डॉक्टर अ‍ॅल्बर्ट बेंकी यांनी काही धंदेवाईक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलून त्यांच्या देहाची घनता काढली. उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांपैकी बरेच जण लठ्ठ, म्हणून लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगात मेद थोडा आणि स्नायू भरपूर होते. याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसण्यात सडपातळ असलो तरी आपल्या अंगात तुलनेने मेद अधिक आणि स्नायू कमी असतात, हे यावरून लक्षात येते. म्हणजे आपला रुग्ण यंत्रापाशी येतो तोच मुळी लहानशी शिल्लक घेऊन येतो. त्याला उधळपट्टी परवडणारी नाही.

येथे आणखी एक नवल सांगतो. इतर लोकांत स्थूलपणा आयुष्य कमी करतो. परंतु फ्रान्समध्ये १९८२ साली असे आढळले की डायलिसिसवरच्या रुग्णांत कृश माणसेच लवकर दगावतात. पुढे इतर ठिकाणीही हाच अनुभव आला आणि काही काळ या उलट्या न्यायाची मोठी चर्चा झाली. याचा अर्थ रुग्णाने तूप-साखर खाऊन पोट वाढवावे, असा मात्र नाही. २००३ साली अमेरिकेत बेद्दू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल रुग्णांची वर्गवारी करून पाहिली, तेव्हा ज्यांच्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होता त्यांनाच खरा लाभ झालेला दिसला. स्थूल, पण स्नायूंनी दुबळे असलेल्यांच्या वाट्याला तो आला नाही.

मग ही शिल्लक मोजावी कशी? मोठ्या केंद्रांतून यासाठी एक यंत्र असते. हातापायांना पट्ट्या लावून देहातून अत्यंत सौम्य, न जाणवणारा विद्युत्प्रवाह सोडतात. मंद कंपनांचा प्रवाह पेशींच्या आवरणात शिरू शकत नाही, तो बाहेरच्या पाण्यातूनच वाट काढतो. जलद कंपनांचा प्रवाह पेशींच्या आतूनही जातो. या दोहोंना होणाऱ्या विरोधावरून पेशींबाहेर किती पाणी साचले आहे आणि आत किती आहे, याचा अंदाज बांधता येतो. पण यंत्र नाही म्हणून अडू नये. ज्या हातात डायलिसिसची शीर केलेली नाही, त्या दंडाचा घेर दर महिन्यास टेपने मोजावा. मुठीची पकड पाहावी. खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का, ते पाहावे. भूक आहे का, हे विचारावे. रक्तातील अल्ब्युमिन पाहावे. मात्र ते दाहामुळेही उतरते, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नये. आणि वजन स्थिर असूनही सूज, दम किंवा वाढता रक्तदाब दिसत असेल, तर कोरड्या वजनाचा आकडा पुन्हा ठरवण्याची वेळ आली आहे असे समजावे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात साधारण तितकीच. वाटीभर शिजलेल्या वरणात पाच-सहा. शंभर ग्रॅम मासळीत किंवा कोंबडीत वीसच्या आसपास. साठ ग्रॅमांची मजल गाठणे शाकाहारी घरात सोपे नाही, पण पनीर, दही, डाळी यांची नीट आखणी केली तर अशक्यही नाही. नुसती प्रथिने पुरत नाहीत. पोटभर भात-पोळी नसेल तर शरीर प्रथिनेच सरपणासारखी जाळते. म्हणून दर किलोमागे पंचवीस ते पस्तीस कॅलरी उष्णताही हवी.

अडचण अशी की प्रथिनांच्या मागोमाग फॉस्फरस येतो, आणि तो साचला की हाडे पोखरतो व रक्तवाहिन्यांत चुना धरवतो. यावर उपाय म्हणजे खाणे तोडणे नव्हे, तर निवड करणे. अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस नगण्य. डाळींतला फॉस्फरस आतड्यांतून निम्म्याहूनही कमी शोषला जातो. याउलट काळी शीतपेये, डबाबंद मांस, तयार खाद्ये यांत टिकाऊपणासाठी घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच रक्तात उतरतो. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या, तासाभराने नव्हे.

पोटॅशियमचे भय अधिक तातडीचे आहे, कारण ते हृदय एकाएकी थांबवू शकते. नारळाचे पाणी, केळी, सुका मेवा यांना म्हणूनच आवर घालावा लागतो. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून दिले की बरेचसे पोटॅशियम निघून जाते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियमच असते. ते अशा घरात आणूच नये. मीठ मात्र खरोखरच कमी हवे. लोणचे, पापड, फरसाण यांनी तहान लागते, तहानेने पाणी पोटात जाते, आणि तेच पाणी पुढच्या खेपेला यंत्राने ओढून काढताना पायांत गोळे येतात.

उपवासांबद्दलही बोलले पाहिजे. दादांचे गुरुवार आणि एकादशी कधी चुकत नसत. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे. म्हणजे प्रथिने जवळजवळ नाहीतच आणि पोटॅशियम मात्र यथेच्छ. डॉक्टरांनी हसून विचारले, “दादासाहेब, तुमचा देव आठवड्यातून तीनदा तुम्हांला यंत्रापुढे चार तास बसवतो. आणखी कसले व्रत हवे?” दादांनी गुरुवार सोडला. एकादशीला दूध-पनीर घेण्याची तडजोड केली.

दादांचे कोरडे वजन टप्प्याटप्प्याने, सहा आठवड्यांत, साडेसत्तावन्नावर आणले. पाणी निघून गेल्यावर प्रथमच त्यांची खरी कृशता दिसली आणि घर हादरले. पण ते उशा काढून आडवे झोपू लागले. कपाटाच्या दारावरचा कागद वहिनींनी स्वतः खरवडून काढला. अंडे आमच्या घरात कधी आले नव्हते. आता सकाळी दोन अंड्यांचे पांढरे त्या निराळ्या पातेल्यात उकडतात, नाकाला पदर लावून. रक्तदाब खाल्ल्याने उतरत नाही अशी खात्री झाल्यावर दादांना यंत्रावर असतानाही डबा देण्याची परवानगी मिळाली. रोज अंगणात चालणे आणि वाळूच्या पिशव्या उचलणे सुरू झाले. चौदा महिन्यांनी वजन एकोणसाठ झाले. या वेळी दंडाचा घेरही वाढला होता आणि क्रिएटिनीन पुन्हा चढले होते. ते चढले म्हणून आम्हांला बरे वाटले, हे बाहेरच्या कोणास सांगितले तर तो आम्हांला वेड्यात काढील.

वही अजून मीच लिहितो. रकाने तेवढे वाढले आहेत. आपल्या घरी, शेजारी, कचेरीत कोणी डायलिसिसवर असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचारा : कोरडे वजन शेवटचे केव्हा तपासले, आता रोज प्रथिने किती हवीत, आणि स्नायू वाढत आहेत की झिजत आहेत. उत्तरे प्रत्येक रुग्णाची वेगळी असतील आणि ती डॉक्टरांनीच द्यावयाची आहेत. आणि घरी गेल्यावर कपाटाचे दार उघडून पाहा. तेथे एखादा जुना कागद अजून चिकटलेला असेल.